आळीतली विहीर बुजवायची की उपसायची? (आणि मे महिन्याच्या बाकी बातम्या)

पाखाडीवाली | ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीतल्या आमच्या आळीची खबरबात द्यायला दर महिन्यासारखी बसले आहे. आळीचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. गोखले नाक्यावरून मांडवीच्या अंगाला उतरताना जी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी लागते, तिच्या पायथ्याशी आम्ही.

आधी किरकोळ. नळाच्या लाइनीसाठी खणलेल्या रस्त्यावर ठेकेदाराने माती लोटून वर खडी पसरली आहे, पहिल्या सरीत खाली बसणार. नाक्यावर ठाण मांडणारे बैल चाराचे सहा झाले. गणपतीच्या वर्गणीची सभा झाली आणि दरवर्षीसारखी भांडणावर संपली. रायवळ आंबा संपत आलाय. फणसाच्या आठळ्या माझ्याकडे ढीगभर आहेत, पिशवी घेऊन या.

आता मुख्य. आळीच्या मधोमध जी विहीर आहे ती बुजवून तिथे गाड्या लावायची जागा करावी, असं नव्या इमारतीतल्या मंडळींनी रविवारी सुचवलं. विहीर आठ वर्षं बंद आहे. वर पत्रा, पत्र्यावर दगड, कठड्यात पिंपळ. पत्रा एका बाजूने कुजलाय, तिथून आत काय काय टाकलं जातं ते देवाला ठाऊक.

मला विहिरीचा उमाळा वगैरे काही नाही. १९९८ साली लग्न होऊन आले तेव्हा रोज सोळा कळश्या ओढायचे. माझ्या उजव्या खांद्याला विचारा विहीर म्हणजे काय ते. पण सध्या नळाला दिवसाआड पाणी, तेही पाऊण तास. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा दोन दिवस वीज नव्हती, सगळ्यांच्या टाक्या कोरड्या. तेव्हा हाच पत्रा बाजूला करून अख्ख्या आळीने पोहरा सोडला होता, नवी इमारतसुद्धा. ते कोणाला आठवत नाही की काय?

काय करावं? भावना नकोत, उपाय सांगा.

चाकरमानी_डोंबिवली | ४ मे, रात्री १०:१२

ताई, अंगावर काटा आला वाचून. मे महिन्यात मामाकडे यायचो तेव्हा त्या विहिरीचं पाणी! फ्रिजला लाजवेल असं गार. रहाटाची ती कुरकुर अजून कानात आहे. विहीर म्हणजे आळीचा आत्मा. कृपा करून बुजवू नका!!

पाखाडीवाली | ४ मे, रात्री १०:२०

भावना नकोत म्हटलं होतं ना हो. तुम्ही पाणी प्यायलात, ओढलं तुमच्या मामींनी.

स्कूटरवाला | ५ मे, सकाळी ७:५५

नव्या इमारतीतला मीच तो, म्हणजे त्यांच्यातला एक. आमची बाजूही ऐका. फ्लॅट घेताना बिल्डरने खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात, पार्किंग दाखवलं, ताबा देताना तिथे दोन गाळे निघाले. बावीस बिऱ्हाडं आणि गाड्या लावायला नाक्यावरच्या बैलांच्या शेजारी जागा. रात्री दहाला ड्यूटीवरून येतो तेव्हा पाखाडीच्या वर स्कूटर ठेवून चालत खाली येतो. विहीर वापरात असती तर शब्द काढला नसता. आज ती कचराकुंडी आहे. डास तिथूनच येतात, गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर दोघांना डेंग्यू झाला.

गजालीकार | ५ मे, सकाळी ८:३०

आमच्या हयसर बाव म्हणतत तिका. आणि बाव बुजवली तर घराण्याक लागता म्हणतत. लागता की नाय ता माका म्हायत नाय, पण पाणी मात्र नक्की जाता.

निवृत्त_उपअभियंता | ५ मे, दुपारी १२:०५

पाण्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढली म्हणून दोन शब्द.

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात घसे कोरडे पडतात. कारण पायाखाली आहे. जांभा सच्छिद्र, पाणी झरझर पितो. त्याच्या खाली चिकणमातीचा थर, तिथे पाणी अडतं आणि उताराने समुद्राकडे सरकतं. विहीर त्या सरकणाऱ्या पाण्याला मध्येच गाठते. शहराचं पाणी मुख्यतः शीळ धरणातून येतं हे सर्वांना माहीत आहे, पण धरणाचं पाणी आळीपर्यंत यायला वीज लागते, पंप लागतात, लाइन धड लागते. विहिरीला यातलं काही लागत नाही.

विहीर बुजवलीत तर ते पाणी नाहीसं होत नाही. वाट बदलतं आणि कोणाच्या तरी जोत्यात ओल म्हणून वर येतं. स्कूटरवाला, तुमची इमारत विहिरीच्या खालच्या अंगाला आहे ना? मग आधी तुमच्याच लिफ्टच्या खड्ड्याचा विचार करा.

दुसरं, जागा कोणाची? नगर भूमापनातून मिळकत पत्रिका काढा. सार्वजनिक निघाली तर ती बुजवायचा अधिकार ना तुम्हाला, ना ताईंना.

स्कूटरवाला | ५ मे, दुपारी १:४०

लिफ्टच्या खड्ड्यात गेल्या जुलैपासून पाणी आहेच, काका. बिल्डर म्हणाला पावसाचं आहे, सुकेल.

निवृत्त_उपअभियंता | ५ मे, दुपारी १:४४

सुकलं का?

स्कूटरवाला | ५ मे, दुपारी १:४५

नाही.

कातळ | ६ मे, रात्री ११:३०

धागा वाचतोय. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

सगळे ‘आळीची विहीर’, ‘अख्ख्या आळीने पाणी भरलं’ म्हणताय. माझी आजी याच आळीत झाडायला यायची. विहिरीपासून वीस पावलांवर घागर ठेवून उभी राहायची. कोणाला सवड झाली आणि मनात आलं तर वरून धार सोडत. नाही आलं तर उन्हात उभं राहायचं, नाहीतर रिकामी घागर घेऊन परत जायचं. तिला ते पाणी गार होतं की कसं, आम्ही कधी विचारलं नाही.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा हा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. तरी २० मार्च १९२७ ला आपल्याच कोकणात, महाडला, चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घ्यायला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. रत्नागिरीत सगळ्या जातींना खुलं असं पतितपावन मंदिर उभं राहिलं १९३१ ला, त्याची तारीख सगळ्यांना पाठ आहे. या विहिरीवर आमच्या माणसाने पहिला पोहरा कधी सोडला, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

विहीर ठेवा, बुजवा, मला सांगायचं नाही. फक्त ‘आत्मा’ वगैरे लिहिताना जरा दमाने.

चाकरमानी_डोंबिवली | ७ मे, सकाळी ६:५०

माझ्या शब्दाबद्दल माफ करा. हे माहीतच नव्हतं म्हणण्यात अर्थ नाही, कधी विचारलंच नव्हतं.

खाडीपलीकडचा | ७ मे, सकाळी ९:१५

कातळ म्हणतात ते खरं आहे, माझ्या वडिलांच्या तोंडून मीही ऐकलंय. पण शंभर वर्षांपूर्वीचं आज उगाळून काय साधणार? विषय पाण्याचा आहे.

पाखाडीवाली | ७ मे, रात्री ८:०५

शंभर वर्षांपूर्वीचं नाही ते. काल रात्री कातळ यांचं वाचून सासूबाईंना विचारलं. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, रोज दुपारी पंचांग आणि पेपर दोन्ही वाचतात, स्मरण लख्ख. आधी म्हणाल्या, “असं काही आमच्यात नव्हतं.” मग जेवण होईतो गप्प. पानावरून उठताना म्हणाल्या, “गडग्याबाहेर एक दगडी डोण होती. त्यात ओतायचो आम्ही. मी लग्न होऊन आले तेव्हाही होती.” म्हणजे साठ वर्षं. हात धुवून परत आत आल्या आणि म्हणाल्या, “मीही ओतलंय.” पुढे काही बोलल्या नाहीत.

विषय पाण्याचाच चाललाय, खाडीपलीकडचे.

पाखाडीवाली | १४ मे, रात्री ९:००

मिळकत पत्रिका मिळाली. तीन टेबलं फिरले. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरा जेवायला गेला होता, तिसऱ्याने पहिल्याकडे पाठवलं. शेवटी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि टेबलावर ठेवला, तर “थांबा ताई, तीस दिवस कशाला” म्हणत अर्ध्या तासात नक्कल हातात.

विहीर सार्वजनिक आहे. भोवतीची आठ फूट जागाही. बुजवायचा विषय संपला.

रविवारी २५ तारखेला उपसायची असं ठरलंय. घरटी दोनशे रुपये. नव्या इमारतीतून अठरा बिऱ्हाडांनी दिले, जुन्या आळीतून अकरा. हा आकडा मी मुद्दाम लिहितेय. सभेत सर्वांत मोठ्याने ‘परंपरा’ म्हणणारे दोघे त्या अकरात नाहीत.

निवृत्त_उपअभियंता | १४ मे, रात्री ९:३५

उपसायच्या आधी हे वाचा, आणि जो आत उतरणार आहे त्याला वाचून दाखवा.

आठ वर्षं झाकलेल्या विहिरीत कचरा कुजून वाईट हवा तळाला साचलेली असते. पत्रा आदल्या दिवशी काढून विहीर उघडी ठेवा. पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडा, विझला तर कोणीही उतरायचं नाही. न विझला तरी निर्धास्त होऊ नका, कारण सगळ्या विषारी हवा दिव्याला कळत नाहीत. डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप कोणत्याही परिस्थितीत आत उतरवायचा नाही. त्याच्या धुराने माणूस आतल्या आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकामागोमाग एक जातात ते असे. पाण्यात बुडणारी विजेची मोटार वापरा आणि माणूस आत असताना तीही बंद ठेवा. उतरणाऱ्याच्या कमरेला आणि खांद्याला दोर हवा, आणि वर चार माणसं हवीत जी मोबाईल बघत नाहीत.

मिरकरवाडा_बंदर | १५ मे, पहाटे ५:१०

दोर आनि मानसं आमच्याकडून. मासेमारीची बंदी १ जूनपास्नं ३१ जुलैपर्यंत, पन आमची बोट वीस तारखेलाच वर घेतोय. कप्पी पन आनतो. गाळ खेचायला जाळ्याचा जुना तुकडा बरा पडतो, पानी गळून जातं न् वजन हलकं होतं. बदल्यात विहिरीचं पानी नको, ताईंच्या आठळ्या द्या.

चिपळूणकरीण | १५ मे, दुपारी ३:२०

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे विहिरी चिखलाने भरल्या होत्या, त्यामुळे ब्लिचिंगचा अनुभव आमच्याकडून घ्या. लोक डबाच्या डबा ओततात. तसं नका करू.

विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या उंचीने गुणा, ३.१४ ने गुणा आणि चाराने भागा. येतील ते घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर साधारण चौदा हजार लिटर, पस्तीस ग्रॅम झाले. मूठभर.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून दहा मिनिटं ठेवायची. खाली चुना बसतो, तो टाकून द्यायचा, विहिरीत नाही. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने पाण्याखाली सोडायची आणि वरखाली हिंदकळवायची. तासभर कोणी पाणी काढायचं नाही. हे रोजच्या शुद्धीचं झालं. पहिल्या वेळी गाळ काढल्यावर आतल्या भिंती ब्रशने घासा आणि ते पाणी पूर्ण उपसून टाका. आणि पिण्याआधी नमुना तपासून घ्या, डोळ्यांवर विसंबू नका. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर ब्लिचिंगचा वास पूर्ण गेल्यावर, नाहीतर सकाळी सगळे पालथे.

पाखाडीवाली | २६ मे, रात्री १०:५०

झालं. हात उचलत नाहीत म्हणून आवाजाने टाइप करतेय, चुका पदरात घ्या.

शनिवारी पत्रा काढला. रविवारी सहाला कंदील सोडला, पेटता राहिला. स्कूटरवाल्यांनी त्यांच्या लिफ्टच्या खड्ड्यासाठी आणलेली मोटार दिली. नऊपर्यंत पाणी उतरलं, मग गाळ दिसला. काळा, दहीभातासारखा, आणि वास असा की वरच्या चार माणसांनी तोंडाला ओढण्या बांधल्या. मिरकरवाड्याचे दोघे आळीपाळीने उतरले, वीस वीस मिनिटं. खालून जाळं भरायचं, वर आठ जणांनी खेचायचं. दुपारी दोनपर्यंत एकशे दहा खेपा मोजल्या, पुढे मोजणाराच खेचायला लागला.

निघालं काय ते सांगते. प्लास्टिक सोडून द्या, त्याला अंत नव्हता. क्रिकेटचे चेंडू तेवीस. एक मोबाईल, ज्याच्यावर अद्याप कोणी हक्क सांगितलेला नाही. पोहऱ्याच्या कड्या सात. बुडालेली कळशी काढायला टाकलेले आणि स्वतःच बुडालेले गळ तीन. आणि अगदी तळाला, पोट चेपलेली, हिरवी पडलेली तांब्याची कळशी. गळ्यावर नाव कोरलेलं. चिंचेने घासून सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली, बोटाने अक्षरं चाचपली आणि म्हणाल्या, “ही माझ्या जाऊबाईंची. मी विकली असा माझ्यावर आळ होता.” जाऊबाई जाऊन वीस वर्षं झाली. कळशी देव्हाऱ्याशेजारी ठेवायची का विचारलं तर म्हणाल्या, “नको, मोडीत घाल.” मग संध्याकाळी स्वतःच उचलून कॉटखाली ठेवली.

चारच्या सुमारास खालून हाक आली, “ताई, झरा!” नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, तळापासून हातभर वर, जांभ्याच्या भेगेतून करंगळीएवढी धार. स्वच्छ. दहा मिनिटं सगळे वाकून नुसते बघत होते. स्कूटरवाले म्हणाले, “हेच माझ्या लिफ्टमध्ये येत होतं.” आज संध्याकाळी पुरुषभर पाणी आहे.

आणखी एक. गडग्याबाहेरचा कचरा काढताना डोणीचा पत्ता लागला. पुरलेली वगैरे नव्हती. नव्या इमारतीच्या फाटकाशी जी जांभ्याची कुंडी आहे, अबोली लावलेली, तीच. बिल्डरला कुठे काय माहीत, चांगला जुना दगड दिसला, उचलून ठेवला. सासूबाईंनी खिडकीतून बघून ओळखली. दोघांतिघांनी सुचवलं की ती आणून विहिरीपाशी बसवावी आणि पाटी लावावी. कातळ, तुम्ही कालही दिवसभर दोरावर होतात, पण हे विचारायचं मला धाडस झालं नाही. इथे विचारते.

कातळ | २७ मे, सकाळी ७:२५

मला विचारू नका. ती डोण ज्यांनी वापरायला ठेवली त्यांनी ठरवावं तिचं काय करायचं. आमच्या घरातून दोनशे रुपये दिलेत, माझी पाण्याची पाळी कधी ते तेवढं कळवा.

पाखाडीवाली | २७ मे, सकाळी ७:४०

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा ते सात. डोणीसाठी रविवारी सभा. पाटीवर काय लिहायचं यावर भांडण होणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

खाडीपलीकडचा | २७ मे, सकाळी ९:०५

मी ‘उगाळून काय साधणार’ म्हटलं होतं. ते मागे घेतो.

स्कूटरवाला | २९ मे, रात्री १०:४०

लिफ्टचा खड्डा चार बोटं उतरलाय! मोटार न लावता. काका, नमस्कार घ्या. स्कूटर मात्र अजून पाखाडीच्या वरच आहे, आणि आज तिच्या सीटवर बैलाने शेण टाकलंय. या विषयावर वेगळा धागा काढावा का?

निवृत्त_उपअभियंता | २९ मे, रात्री १०:५२

काढा. पण आधी पाण्याच्या नमुन्याचं काय झालं ते कोणीतरी सांगा. आणि विहिरीवर मोटार बसवायची घाई करू नका. समुद्र हाकेवर आहे. बेसुमार उपसाल तर पाणी मचूळ होईल, आणि एकदा खारं शिरलं की बाहेर निघायला वर्षं जातात. हाताने ओढलेलं पाणी आपोआप बेताचं राहतं.

पाखाडीवाली | २ जून, दुपारी ४:१५

नमुना दिला होता, पिण्यायोग्य नाही आला. परत ब्लिचिंग केलं, चिपळूणकरणीच्या हिशोबाने, आणि दुसरा नमुना दिला आहे. तोवर फक्त धुण्याभांड्याला, आणि तेही मोटारीशिवाय.

आज दुपारी बाहेर पाऊस नाही, पण मिऱ्याच्या बाजूला काळं भरून आलंय. त्याआधी एक काम राहिलंय. विहीर बावीस हात आहे, म्हणजे दोर तीस हात तरी हवा. मिरकरवाड्याचा नायलॉनचा आहे, पण तो ओला झाला की तळहात कापतो, परवा दोघींचे कापले. कोणाकडे काथ्याचा जुना राजू, म्हणजे विहिरीचा दोर, माळ्यावर पडलेला असेल तर द्या. उंदरांनी खाल्लेला असला तरी चालेल, जोडून घेऊ. आठळ्या अजून शिल्लक आहेत.